कॉम्पॅक्टनेस नाही, मग इंटरपोलेशन टिकतं कसं?

शंकेखोर

मॉडेल थिअरी (कुठलं वाक्य कुठल्या गणिती रचनेत खरं ठरतं याचा अभ्यास; वाक्य जिथे खरं ठरतं ती रचना म्हणजे त्याचं मॉडेल) स्वतःची स्वतः वाचतोय, शिकवायला कोणी नाही, त्यामुळे इथे विचारतोय. प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या.

फर्स्ट-ऑर्डर लॉजिकमधला (नेहमीचं, मर्यादित लांबीच्या वाक्यांचं) क्रेगचा इंटरपोलेशन थिअरम (१९५७) कळला. फाय या वाक्यावरून साय निघत असेल, तर मध्ये थीटा असं एक वाक्य मिळतं की फायवरून थीटा निघतं, थीटावरून साय निघतं, आणि थीटात फक्त तीच चिन्हं असतात जी फाय आणि साय दोघांतही आहेत. मी वाचलेलं प्रूफ असं: फायवरून निघणारी सामाईक भाषेतली सगळी वाक्यं गोळा करायची, त्या सगळ्या ढिगावरून साय निघतं हे दाखवायचं, मग कॉम्पॅक्टनेसने (ढिगावरून निघणारं वाक्य त्यातल्या मोजक्याच वाक्यांवरूनही निघतं; म्हणजेच प्रत्येक मोजक्या तुकड्याला मॉडेल असेल तर सगळ्याला असतं) ढिगातली मोजकीच उचलायची आणि 'आणि'ने जोडायची. झाला थीटा.

आता एल-ओमेगावन-ओमेगा. इथे काउंटेबल (१, २, ३... अशी क्रमाने मोजता येणारी) इतकी वाक्यं एकदम 'आणि'ने किंवा 'किंवा'ने जोडायची मुभा आहे, पण क्वांटिफायर ("सर्वांसाठी", "असा कोणीतरी आहे") एका वेळी मोजकेच. इथे कॉम्पॅक्टनेस नाही, हे दोन ओळीत दिसतं. "सी हा डी-शून्य, डी-एक, डी-दोन... यांपैकी कोणीतरी आहे" हे एक वाक्य घ्या, आणि सोबत "सी हा डी-शून्य नाही", "सी हा डी-एक नाही" अशी ओळीने सगळी घ्या. यातली कुठलीही मोजकी वाक्यं उचला, मॉडेल मिळतं. सगळी एकत्र घेतली की संपलं.

तरीही लोपेझ-एस्कोबारने १९६५ मध्ये दाखवलं की क्रेग इथे जसाच्या तसा खरा आहे! प्रूफ बघायला गेलो तर "कन्सिस्टन्सी प्रॉपर्टी" नावाची नियमांची एक भलीमोठी यादी समोर येते, ती कुठून आली, का आली, कोणी सांगत नाही. तर माझा प्रश्न: कॉम्पॅक्टनेस जे काम करत होता ते इथे नेमकं कोण करतंय?

वाचनमात्र

वाचतेय. पहिल्या परिच्छेदापर्यंत सोबत होते, पुढे तुम्ही एकटेच गेलात.

गोंधळी

मला जेवढं समजलं तेवढं: इंटरपोलंट (तो थीटा) म्हणजे दोन भांडणाऱ्या पार्ट्यांमधला मध्यस्थ, ज्याला दोघांचीही भाषा येते. बरोबर?

तर्कट

@गोंधळी, जवळपास. फक्त तुमच्या मध्यस्थाला दोघांची भाषा येत नाही, दोघांना सामाईक असलेले तेवढेच शब्द येतात. आणि गंमत म्हणजे तेवढ्यावर त्याचं भागतं. हीच तर थिअरमची ताकद.

सहावा_तास

एक उदाहरण टाकतो, त्याशिवाय हा धागा हवेत राहील.

फाय म्हणतं: ई ही इक्विव्हॅलन्स रिलेशन (घटकांना वेगवेगळ्या वर्गांत वाटणारा संबंध) आहे, तिच्या प्रत्येक वर्गात नेमके २ घटक आहेत, आणि एकूण घटक मर्यादित आहेत. दुसरं वाक्य, त्याला काय म्हणू, खाय म्हणू: एफ ही इक्विव्हॅलन्स रिलेशन आहे, तिच्या एका वर्गात १ घटक आहे आणि बाकी सगळ्यांत नेमके २. आता फाय आणि खाय एकाच वेळी खरी होऊच शकत नाहीत, कारण पहिलं सांगतं घटकांची संख्या सम आहे, दुसरं सांगतं (मर्यादित असेल तर) विषम आहे. म्हणजे फायवरून "खाय नाही" निघतं. सामाईक चिन्ह कोणतं? ई एकीकडे, एफ दुसरीकडे, उरलं फक्त बरोबरचं चिन्ह. मग मधलं वाक्य काय? "एकूण घटक २ आहेत किंवा ४ आहेत किंवा ६ आहेत किंवा..." अशी न संपणारी 'किंवा'. यातला प्रत्येक तुकडा नुसत्या बरोबरच्या चिन्हाने लिहिता येतो.

दोन गोष्टी बघा. एक, फायमधलं "घटक मर्यादित आहेत" हेसुद्धा फर्स्ट-ऑर्डरमध्ये लिहिता येत नाही, एल-ओमेगावन-ओमेगामध्ये येतं (१ आहे किंवा २ आहेत किंवा ३ आहेत...). दोन, कोणी म्हणालं की आम्ही फर्स्ट-ऑर्डरच वापरतो पण फक्त मर्यादित मॉडेलं बघतो, तर तिथे हेच उदाहरण क्रेगला पाडतं, कारण "संख्या सम आहे" हे नुसत्या बरोबरच्या चिन्हाने फर्स्ट-ऑर्डरमध्ये म्हणताच येत नाही. गरज अनंत 'किंवा'ची होती, ती नाही मिळाली.

बिनपायाचं_टेबल

खाय 😀 पुढच्या परीक्षेत हेच अक्षर वापरणार.

छान उदाहरण. याच्यावरून माझा अंदाज असा की लॉजिकमध्ये अनंत 'किंवा' असणं हीच इथे इंटरपोलेशनची तारणहार. पण मग जितकी मोठी 'किंवा' तितकं चांगलं असं व्हायला पाहिजे. तसं आहे का?

तर्कट

@बिनपायाचं_टेबल, नाही, आणि तिथे मजा आहे, पण आधी मूळ प्रश्नाचं बघू. मोठा प्रतिसाद होणार आहे, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी खाली उडी मारावी.

कन्सिस्टन्सी प्रॉपर्टी म्हणजे वाक्यांच्या संचांचं एक कुटुंब. भाषेत आधी काउंटेबल इतके नवे कॉन्स्टंट (घटकांची नावं) टाकून ठेवायचे, हेंकिनने १९४९ मध्ये टाकले तसेच. कुटुंबातला प्रत्येक संच म्हणजे "अजून तरी यात काही बिघडलेलं नाही" असा दावा. नियम सगळे एकाच धाटणीचे आहेत: संचात अमुक वाक्य असेल, तर त्याचं पुढचं पाऊल संचात टाकूनही कुटुंबाच्या बाहेर पडायचं नाही. संचात मोठी 'आणि' असेल तर तिचा कुठलाही तुकडा टाकता आला पाहिजे. मोठी 'किंवा' असेल तर तिचा निदान एक तुकडा टाकता आला पाहिजे. "सर्वांसाठी" असेल तर कुठलाही नवा कॉन्स्टंट भरून टाकता आला पाहिजे, "असा कोणीतरी आहे" असेल तर निदान एक कॉन्स्टंट भरून. नकार असेल तर तो आत ढकलून. बरोबरच्या चिन्हाचे दोनतीन नियम आहेत ते कंटाळवाणे आहेत, सोडा. आणि सगळ्यात साधा नियम: एकाच संचात एखादं वाक्य आणि त्याचा नकार दोन्ही नकोत.

मग मॉडेल एक्झिस्टन्स थिअरम म्हणतो, कुटुंबातल्या कुठल्याही संचाला मॉडेल असतं. प्रूफ: करायच्या कामांची यादी काउंटेबल आहे (या 'किंवा'चा तुकडा निवड, त्या "कोणीतरी"चा साक्षीदार आण, इत्यादी). पहिल्या संचापासून सुरुवात करून एकेक काम उरकत वाढत जाणारी साखळी करायची, प्रत्येक टप्प्यावर कुटुंबातच राहायचं, शेवटी सगळ्यांचा युनियन घ्यायचा आणि त्यावरून मॉडेल उभं करायचं.

आता शंकेखोर, इथे नीट बघा. तो शेवटचा युनियन कुटुंबात असायची गरज नाही! त्याच्याकडून आपल्याला एवढंच हवंय की त्यात वाक्य आणि नकार एकत्र नकोत आणि सगळी कामं झालेली असावीत. वाक्य आणि नकार दोन्ही आले असते तर ते कुठल्यातरी मोजक्याच टप्प्यावर एकत्र आले असते, आणि त्या टप्प्यावरचा संच कुटुंबात होता, म्हणजे तिथेच ते अडकलं असतं. "सगळ्या मर्यादित तुकड्यांना मॉडेल आहे म्हणून सगळ्याला मॉडेल आहे" हे कुठेही वापरलेलं नाही.

शंकेखोर

दंडवत. म्हणजे हे हेंकिनचंच कन्स्ट्रक्शन, फक्त "सुसंगत" या शब्दाची जागा एका यादीने घेतली?

तर्कट

हो, आणि यादीने घेतली म्हणूनच ते लवचीक झालं. हेंकिनमध्ये "सुसंगत" ठरलेलं असतं. इथे कुटुंब तुम्ही तुमच्या कामाप्रमाणे निवडायचं, नियम पाळले की मॉडेल फुकट. इंटरपोलेशनसाठी एक कुटुंब, टाइप ऑमिट करायला (ठरावीक सूत्रं एकदम खरी करणारा घटक मॉडेलात येऊ न द्यायला) दुसरं.

अर्धविराम

इतिहासाची भर: ही कल्पना स्मलियनची, १९६३ ची, फर्स्ट-ऑर्डरसाठी. एल-ओमेगावन-ओमेगावर ती मक्काईने १९६९ मध्ये आणली आणि काइस्लरने १९७१ मध्ये जवळजवळ सगळी मॉडेल थिअरी याच एका यंत्रावर चालवून दाखवली. लोपेझ-एस्कोबारचं मूळ प्रूफ मात्र असं नाहीये. त्याने अनंत प्रेमिसेस असलेल्या नियमांचं गेंट्झेन पद्धतीचं कॅल्क्युलस (नियमांनी पायरीपायरीने सिद्धता लिहायची पद्धत) घेतलं आणि कट (मधलं वाक्य वापरून दोन सिद्धता जोडायचा नियम) नसलेल्या डेरिव्हेशनवरून इंटरपोलंट वाचून काढला.

आणि माझं वैयक्तिक मत, ते प्रूफ जास्त प्रामाणिक आहे. कन्सिस्टन्सी प्रॉपर्टीवालं प्रूफ "इंटरपोलंट नाही असं माना" असं सुरू होतं आणि शेवटी विरोधाभास दाखवून हात झटकतं. थीटा कुठाय? हातात काहीच नाही!

तर्कट

@अर्धविराम, हे मला पटत नाही. विरोधाभासाचं प्रूफ उघडून बघितलं तर थीटा त्यातच बांधला जातोय हे दिसतं. थांबा, आता इंटरपोलेशनचं कुटुंब सांगतोच, म्हणजे वाद इथेच मिटेल.

फायवरून साय निघतं असं समजा. संच दोन भागांचे घ्यायचे, डावा भाग फायच्या भाषेतला, उजवा सायच्या भाषेतला, दोन्ही मर्यादित, नवे कॉन्स्टंट दोघांनाही खुले. सामाईक भाषेतलं एखादं वाक्य डाव्यावरून निघत असेल आणि त्याचा नकार उजव्यावरून निघत असेल, तर ते वाक्य त्या दोघांना "वेगळं करतं" म्हणू. कुटुंबात कोण? जे असे वेगळे करताच येत नाहीत ते संच. इंटरपोलंट नसेल तर डावीकडे फाय, उजवीकडे "साय नाही" हा संच कुटुंबात आहे. आता हे कुटुंब नियम पाळतं एवढं दाखवलं की फाय आणि "साय नाही" यांना एकत्र मॉडेल मिळतं, जे अशक्य आहे.

नियम तपासू. वाक्य आणि नकार एकत्र आले तर? दोन्ही डावीकडे असतील तर डावा भाग विसंगत, "असत्य" हे वाक्यच वेगळं करतं. एक डावीकडे आणि नकार उजवीकडे असेल, तर ते वाक्य दोन्ही भाषांत आहे, म्हणजे सामाईक भाषेतलं आहे, म्हणजे ते स्वतःच वेगळं करतं. दोन्हीकडून कुटुंबाबाहेर. सामाईक भाषेची अट सगळ्या प्रूफमध्ये खरं तर इथे चावते.

आता खरा नियम, 'किंवा'चा. डावीकडे "ए-शून्य किंवा ए-एक किंवा ए-दोन..." आहे. समजा यातला कुठलाही तुकडा टाकला तरी आपण कुटुंबाबाहेर पडतो. म्हणजे प्रत्येक ए-एन टाकल्यावर वेगळं करणारं एक थीटा-एन मिळतं. मग सगळ्या थीटा-एनची मोठी 'किंवा' घ्या. डाव्या भागावरून ती निघते, कारण कुठला ना कुठला ए-एन खरा आहेच. उजव्यावरून तिचा नकार निघतो, कारण प्रत्येक थीटा-एनचा नकार निघतो. म्हणजे ती मोठी 'किंवा' मूळ संचालाच वेगळं करत होती, आणि मूळ संच तर कुटुंबात होता. विरोधाभास.

@अर्धविराम, दिसला का थीटा? तुमच्या डेरिव्हेशनमध्ये प्रत्येक नियमाच्या पायरीवर जे वाक्य तयार होतं, तेच हे. एकच झाड, तुम्ही मुळाकडून बघताय मी फांद्यांकडून.

अर्धविराम

दिसला. तरी माझं म्हणणं राहतंच की डेरिव्हेशन दिलं तर माझ्या पद्धतीने ते वाक्य लिहून काढता येतं, तुमच्यात आधी सेमँटिक "निघतं" वापरलंय, आणि ते मॉडेलं बघून ठरतं. पण भांडण इथे थांबवतो, धाग्याचा विषय तो नाही.

निळी_शाई

एक शंका. "दोन्ही मर्यादित" का म्हणालात? काउंटेबल संच का नाही चालणार?

तर्कट

छान प्रश्न. कॉन्स्टंटमुळे. संच मर्यादित असले की त्यात नवे कॉन्स्टंट मोजकेच येतात. थीटा-एनमध्ये याबाहेरचा एखादा कॉन्स्टंट घुसला तर तो "सर्वांसाठी" लावून काढून टाकता येतो, कारण डावीकडे त्याच्याबद्दल काहीच बोललेलं नाही. असं साफ केलं नाही तर सगळ्या थीटा-एनची 'किंवा' घेताना त्यात अनंत कॉन्स्टंट जमा होतील, आणि ते काढायला अनंत लांबीची क्वांटिफायरची रांग लागेल, जी या लॉजिकमध्ये नाहीच. तसंच "कोणीतरी"च्या नियमात आजवर न वापरलेला कॉन्स्टंट लागतो, तो कायम शिल्लक असला पाहिजे.

रिकामा_संच

हे सगळं वाचून मला एकच वाटलं, हे फोर्सिंग (सेट थिअरीतली, तुकड्यातुकड्याने हवी ती वस्तू उभी करायची पद्धत) आहे. कुटुंबातले संच म्हणजे कंडिशन, प्रत्येक काम म्हणजे एक डेन्स सेट (कुठलीही कंडिशन वाढवत ज्यात पोचता येतं असा), डेन्स सेट काउंटेबल म्हणून जेनेरिक (त्या सगळ्यांत पोचणारी साखळी) मिळतो. नवीन काय आहे?

तर्कट

@रिकामा_संच, काही नवीन नाही 🙂 तसंही बघतात, आणि बघण्याची चांगली पद्धत आहे. त्यातूनच @बिनपायाचं_टेबल यांच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. डेन्स सेट अनकाउंटेबल झाले की जेनेरिकची खात्री कोण देणार?

सहावा_तास

ते मी लिहितो, तर्कटना जरा श्वास घेऊ द्या.

एल-ओमेगाटू-ओमेगा घ्या, म्हणजे 'आणि', 'किंवा' आता आलेफ-एक (काउंटेबलनंतरची पहिली मोठी अनंत संख्या) इतक्या लांबीच्याही चालतात. करायची कामं ओमेगावन (आलेफ-एकच, पण क्रमाने मांडलेली) इतकी झाली. ओमेगा (म्हणजे काउंटेबल) टप्पे झाले की युनियन घ्यावा लागणार आणि पुढे चालत राहावं लागणार, म्हणजे आता तो युनियन कुटुंबात असायलाच पाहिजे. पण प्रत्येक टप्प्यावरचा संच वेगळा करता येत नाही यावरून युनियन वेगळा करता येत नाही असं काही निघत नाही. साखळी तिथेच तुटते.

आणि ही नुसती प्रूफची अडचण नाही, थिअरमच खोटा आहे. फाय: "सी-अल्फा हे कॉन्स्टंट, अल्फा ओमेगावनच्या खालचे सगळे, एकमेकांपासून वेगळे आहेत." साय: "डी-शून्य, डी-एक, डी-दोन... यांच्याबाहेर कोणी नाही." पहिल्याची मॉडेलं अनकाउंटेबल, दुसऱ्याची काउंटेबल, दोन्ही एकत्र अशक्य. सामाईक भाषेत फक्त बरोबरचं चिन्ह. मधलं वाक्य असतं तर त्याने नुसत्या घटकांच्या एका काउंटेबल अनंत संचाला आणि एका अनकाउंटेबल संचाला वेगळं केलं असतं. पण मोजक्या क्वांटिफायरच्या लॉजिकमध्ये, 'किंवा' कितीही लांब असू दे, नुसत्या बरोबरच्या चिन्हाने दोन अनंत संचांत फरक करताच येत नाही: एकाने इकडचा घटक दाखवावा, दुसऱ्याने तिकडचा नवा दाखवावा, हा खेळ कधीच अडत नाही. खलास.

बिनपायाचं_टेबल

हे चीटिंग आहे. आलेफ-एक इतके कॉन्स्टंट भाषेत कोंबायचे आणि मग म्हणायचं बघा पडलं. शहाण्यासारखी दोनचार चिन्हांची भाषा घ्या, मग पाडून दाखवा.

सहावा_तास

घ्या. फायमध्ये एकच चिन्ह, एक क्रम, आणि फाय म्हणतं "हा क्रम नेमका ओमेगावनसारखा आहे". काउंटेबल अल्फासाठी "एक्सच्या खाली नेमका अल्फा इतका क्रम आहे" हे सूत्र पायरीपायरीने लिहिता येतं: एक्सच्या खालचा प्रत्येक घटक कुठल्यातरी लहान बीटाच्या जागी आहे, आणि प्रत्येक लहान बीटाच्या जागी कोणीतरी आहे. मग सगळ्या काउंटेबल अल्फांवर एक आलेफ-एक लांबीची 'आणि', एक 'किंवा', झालं. सायमध्ये दुसरं चिन्ह, दुसरा क्रम, तो ओमेगासारखा. एकूण दोन चिन्हं. पडलं?

बिनपायाचं_टेबल

पडलं. मागे घेतो चीटिंग.

वाचनमात्र

मी अजून आहे हं. "एकाने इकडचा दाखवावा दुसऱ्याने तिकडचा" एवढं समजलं आणि फार बरं वाटलं.

निळी_शाई

सहावा_तास यांच्या उदाहरणातला मधला माणूस मग कुठे राहतो? कुठल्यातरी मोठ्या लॉजिकमध्ये तर असेल ना? "हा संच अनकाउंटेबल आहे" हे कुठेतरी म्हणता येतच असणार.

तर्कट

येतं. "एक्स-शून्य, एक्स-एक, एक्स-दोन... अशी कुठलीही काउंटेबल रांग घ्या, तिच्याबाहेर कोणीतरी आहेच." यात 'आणि' काउंटेबलच आहे, फक्त क्वांटिफायरची रांग अनंत झाली. म्हणजे इंटरपोलंट एल-ओमेगावन-ओमेगावनमध्ये सापडला. मालिट्झने १९७१ मध्ये हेच सर्वसाधारणपणे दाखवलं, की मोजक्या क्वांटिफायरच्या मोठ्या लॉजिकमधल्या दोन वाक्यांना इंटरपोलंट मिळतो, पण तो लांब क्वांटिफायर असलेल्या आणखी मोठ्या लॉजिकमध्ये. आणि त्या मोठ्या लॉजिकला स्वतःच्या घरात इंटरपोलेशन आहे का, तर नाही. या एल-कप्पा-लॅम्डा (कप्पाहून कमी लांबीच्या 'आणि'-'किंवा', लॅम्डाहून कमी लांबीची क्वांटिफायरची रांग) कुटुंबात क्रेग घरच्या घरी पाळणारे दोघंच, फर्स्ट-ऑर्डर आणि एल-ओमेगावन-ओमेगा.

शेलाहने २०१२ मध्ये एक वेगळंच लॉजिक काढलं, एल-वन-कप्पा, काही खास कप्पांसाठी, जे एल-कप्पा-ओमेगा आणि एल-कप्पा-कप्पा यांच्या मधे बसतं आणि ज्यात इंटरपोलेशन आहे. पण त्याची वाक्यं कशी असतात हे नेहमीच्या 'आणि', 'किंवा', 'सर्वांसाठी'च्या व्याकरणाने सांगत नाहीत, खेळांवरून सांगतात, त्यामुळे माझ्यासारख्या नियमांच्या यादीवर जगणाऱ्याला ते थोडं परकं वाटतं.

रिकामा_संच

अवांतर, पण सेट थिअरीवाल्यांना हे सगळं आधीपासून माहीत होतं असं म्हणायची संधी सोडवत नाही. लुझिनचा सेपरेशन थिअरम: दोन ॲनालिटिक संच (बोरेल संचांच्या सावल्या, म्हणजे प्रोजेक्शन) एकमेकांत शिरत नसतील तर मधे एक बोरेल संच (उघड्या संचांपासून काउंटेबल युनियन, छेद, पूरक घेत बनणारा) बसतो. आता "ॲनालिटिक"च्या जागी "काहीतरी जादा चिन्हं आहेत म्हणून खरं" वाचा आणि "बोरेल"च्या जागी "एल-ओमेगावन-ओमेगाचं वाक्य" वाचा. काउंटेबल मॉडेलांवर हेच तर इंटरपोलेशन. प्रूफसुद्धा तेच: वेगळे करता येत नसतील तर तुकडे पाडा, कुठलातरी तुकडा अजून वेगळा होत नाही, आत आत जा.

यातून लोपेझ-एस्कोबारचा दुसरा सुंदर निकाल मिळतो: काउंटेबल मॉडेलांचा जो बोरेल संच आयसोमॉर्फिझमखाली (घटकांची नावं बदलली, रचना तीच राहिली तर) बदलत नाही, तो नेमका एल-ओमेगावन-ओमेगाच्या एका वाक्याने सांगता येतो. व्हॉटने १९७४ मध्ये हे आणखी बारीक केलं, वाक्य किती गुंतागुंतीचं लागेल तेसुद्धा सांगितलं.

अतिअवांतर: हा सगळा विषय सुरू झाला लबेगच्या एका चुकीपासून. त्याने १९०५ मध्ये गृहीत धरलं होतं की बोरेल संचाची सावली बोरेलच असते. सुस्लिन या लुझिनच्या तरुण विद्यार्थ्याला ती चूक सापडली, १९१७ मध्ये त्याने ॲनालिटिक संच मांडले आणि दाखवलं की संच आणि त्याचा पूरक दोन्ही ॲनालिटिक असतील तर आणि तरच तो बोरेल. १९१९ मध्ये टायफसने गेला बिचारा.

गोंधळी

लबेगसुद्धा चुकतो हे वाचून आज शांत झोप लागेल.

अर्धविराम

@रिकामा_संच, "आधीपासून माहीत होतं" नको. लुझिनमध्ये संच आहेत, वाक्यं नाहीत, आणि आयसोमॉर्फिझमखाली न बदलणारा बोरेल संच मधे बसवायचा ही वेगळी मेहनत आहे. शिवाय लॉजिकवाल्यांची बाजू आणखी एका ठिकाणी वरचढ ठरते. बारवाइजने १९६९ मध्ये काउंटेबल ॲडमिसिबल सेट (सेट थिअरीचे थोडेच नियम पाळणारी छोटी विश्वं) घेतले आणि दाखवलं की फाय आणि साय त्या सेटमध्ये असतील तर इंटरपोलंटही त्यातच मिळतो, बाहेर जावं लागत नाही. आणि शंकेखोर, तुमच्यासाठी खास बातमी, तिथे कॉम्पॅक्टनेस मागच्या दाराने परत येतो: वाक्यांचा संच त्या ॲडमिसिबल सेटवर सिग्मा-वन ("असा कोणीतरी आहे" धाटणीच्या सूत्राने सांगता येणारा) असेल आणि त्याच्या आतल्या प्रत्येक उपसंचाला, म्हणजे ॲडमिसिबल सेटचा घटक असलेल्या प्रत्येक उपसंचाला, मॉडेल असेल, तर सगळ्याला मॉडेल आहे. "मर्यादित"ची जागा "ॲडमिसिबल सेटचा घटक"ने घेतली.

शंकेखोर

बराच वेळ गप्प होतो कारण वही घेऊन बसलो होतो. सगळं बघून मला जे दिसतंय ते लिहितो, तपासून द्या.

फर्स्ट-ऑर्डरमध्ये कॉम्पॅक्टनेससुद्धा याच यंत्रातून काढता येतो. कुटुंब: असे संच की ज्यांच्या प्रत्येक मर्यादित तुकड्याला मॉडेल आहे. 'किंवा'चा नियम तपासा. "ए किंवा बी" संचात आहे, ए टाकला तर एक मर्यादित तुकडा बिघडतो, बी टाकला तर दुसरा मर्यादित तुकडा बिघडतो. दोन्ही तुकडे एकत्र करा, "ए किंवा बी" सोबत घ्या, हा मर्यादित तुकडा मूळ संचातच बिघडलेला होता. विरोधाभास, काम झालं. आता तीच गोष्ट अनंत 'किंवा'वर करून बघितली: प्रत्येक ए-एन टाकला की एक मर्यादित तुकडा बिघडतो, सगळे एकत्र केले तर... मर्यादित राहतच नाही. कॉम्पॅक्टनेस इथे मरतो.

आणि इंटरपोलेशन याच जागी जगतं! तिथे प्रत्येक तुकड्याच्या बिघाडाचा पुरावा म्हणून वाक्य जमा होतं, मर्यादित संच नाही, आणि अनंत वाक्यांची 'किंवा' हे परत एक वाक्यच आहे. म्हणजे नियम तोच, फक्त बिघाडाचे पुरावे कशात साठवतोय त्यावर सगळं ठरतं. मग कॉम्पॅक्टनेसचं काम कोणी करायचा प्रश्नच नव्हता, दोघंही एकाच यंत्रातून वेगवेगळे निघतात. मी वाचलेल्या प्रूफमध्ये ते एकमेकांवर उभे होते एवढंच.

तर्कट

बरोबर. शंभर टक्के. फक्त कॉन्स्टंट शिल्लक राहतील एवढं पहिल्या कुटुंबात पण बघा.

अर्धविराम

+१. आणि म्हणूनच रॉबिन्सनचा जॉइंट कन्सिस्टन्सी थिअरम (१९५६; दोन थिअऱ्यांची, म्हणजे वाक्यांच्या संचांची, सामाईक भाषेतली संपूर्ण थिअरी एकच असेल तर दोघींना एकत्र मॉडेल मिळतं) इथे क्रेगसोबत येत नाही. फर्स्ट-ऑर्डरमध्ये दोघं जुळे भाऊ, कारण एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कॉम्पॅक्टनेस लागतो. एल-ओमेगावन-ओमेगामध्ये क्रेग आहे आणि रॉबिन्सन नाही.

निळी_शाई

नाही कशावरून? उदाहरण?

सहावा_तास

वरचंच. आलेफ-एक कॉन्स्टंट वेगळे आहेत हे एका लांब 'आणि'ऐवजी सुटी सुटी वाक्यं म्हणून लिहा, प्रत्येक वाक्य आता साधं "सी-अल्फा आणि सी-बीटा वेगळे". ही एक थिअरी. "डींच्या बाहेर कोणी नाही, आणि डी सगळे वेगळे" ही दुसरी. सामाईक भाषेत दोघींची संपूर्ण थिअरी एकच, अनंत संचाची. दोघींना वेगवेगळी मॉडेलं आहेत, एकत्र नाही. आता वाक्यं एल-ओमेगावन-ओमेगातलीच आहेत.

बिनपायाचं_टेबल

एकाच उदाहरणात किती जण मारणार राव.

शंकेखोर

@सहावा_तास, यात पहिली थिअरी अनकाउंटेबल आहे. दोन्ही थिअऱ्या काउंटेबल असत्या तर?

सहावा_तास

मग प्रत्येक थिअरी एका 'आणि'त बांधा, ती एकेक वाक्य झाली, आणि क्रेग लावा. एकत्र मॉडेल नसेल तर वेगळं करणारा थीटा सामाईक भाषेत मिळतो, पण दोघींची सामाईक भाषेतली संपूर्ण थिअरी एकच आहे, म्हणजे थीटा दोघींत खरा नाहीतर दोघींत खोटा. काउंटेबलपर्यंत रॉबिन्सनही सुखरूप.

वाचनमात्र

हे मला पहिल्या फटक्यात समजलं. कोणीतरी स्क्रीनशॉट काढा.